बर्फावरचे पाऊल

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाची संहिता)



मराठी माणसाची थंडीशी असलेली ओळख तशी बेताचीच आहे. बेळगावात पौष महिन्यात पारा बारा-तेरा अंशांवर उतरला की ट्रंकेतल्या शाली बाहेर निघतात, मुलांच्या डोक्यावर कानटोप्या चढतात आणि पहाटे कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या पेटतात. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याचे वृत्त दर हिवाळ्यात छायाचित्रासह छापून येते आणि आपण ते कौतुकाने वाचतो. आपल्या भाषेतले शब्दही याच अनुभवातून आलेले आहेत. गारवा, गारठा, कडाका, हुडहुडी, काकडणे हे सारे शब्द थंडी अंगाला कशी लागते ते सांगतात. थंडीने पाण्याचे काय होते, हे सांगणारे शब्द मात्र आपल्याकडे फारसे नाहीत. आपली तळी गोठत नाहीत. मग गोठलेल्या पाण्याचे प्रकार ओळखण्याची गरज भाषेला पडावी तरी कशाला?

परंतु आता ती गरज घराच्या उंबऱ्यापर्यंत आलेली आहे. या सभागृहात बसलेल्या कित्येकांची मुले, सुना, जावई, नातवंडे टोरांटोत, मिनिॲपोलिसला, स्टॉकहोमला, हेलसिंकीला आहेत. नातवंडांच्या ओढीने आजी-आजोबाही तिकडे सहा-सहा महिने राहून येतात. खिडकीबाहेर पांढरेशुभ्र तळे दिसते, त्यावर माणसे चालताना, मुले घसरगाड्या ओढताना दिसतात आणि आपणही एकदा पाऊल टाकून पाहावे, असे कोणालाही वाटते. ते पाऊल कसे टाकावे, केव्हा टाकू नये आणि उत्तरेकडील समाजांनी हे शहाणपण कसे कमावले, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम तळे गोठते कसे ते पाहू. बहुतेक पदार्थ थंड होताना आकसत जातात आणि घन झाले की आपल्याच द्रवात बुडतात. पाण्याचा स्वभाव वेगळा आहे. ते सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानाला सर्वांत जड असते. शरद ऋतूत तळ्याचा पृष्ठभाग निवतो, तेथले पाणी जड होऊन खाली जाते आणि खालचे तुलनेने उबदार पाणी वर येते. सारे तळे ४ अंशांवर येईपर्यंत ही घुसळण चालू राहते. त्यानंतर मात्र वरचे पाणी जितके गार होईल तितके हलके होत जाते, वरच राहते आणि शून्य अंशाला गोठते. बर्फ पाण्याहून हलका असल्यामुळे तो तरंगतो आणि खालच्या पाण्यावर पांघरूण घालतो. त्या पांघरुणाखाली मासे, पाणवनस्पती आणि असंख्य सूक्ष्म जीव हिवाळा काढतात. बर्फ पाण्यात बुडणारा असता तर ही तळी तळापासून गोठत गेली असती आणि उत्तरेकडील गोड्या पाण्यातली जीवसृष्टी तगणे कठीण झाले असते.

या भौतिक नियमातच धोक्याचे बीजही आहे. उथळ खाडी लवकर गोठते, तर खोल मध्यभागाला ४ अंशांवर यायला वेळ लागतो. म्हणून काठाशी भक्कम असलेला थर पन्नास पावलांवर पातळ असू शकतो. जेथे ओढा तळ्यात मिळतो किंवा तळ्यातून नदी बाहेर पडते, जेथे दोन किनारे जवळ येऊन पाण्याला ओढ लागते, जेथे पुलाचे खांब, धक्के, वेताची बेटे वा काळे खडक असतात, जेथे तळाशी झरे असतात, तेथे बर्फ जाड होत नाही. वरून पाहणाऱ्याला हे सारे एकच सपाट मैदान वाटते. नवख्याची फसगत होते ती येथेच.

फिनलंड या देशात लहान-मोठी मिळून सुमारे १ लाख ८८ हजार तळी आहेत. त्या देशाच्या उत्तर टोकाला नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. २८ जानेवारी १९९९ रोजी तेथील कित्तिला परिसरातल्या पोक्का येथे उणे ५१.५ अंश तापमान नोंदले गेले. अशा देशात माणसे केवळ जगत नाहीत, तर शाळा, कचेऱ्या, बाजारहाट सारे सुरळीत चालवतात. याचे रहस्य एखाद्या अचाट धाडसात शोधू गेल्यास सापडणार नाही. ते अनेक लहान लहान सवयींत आहे.

घराच्या खिडक्यांना तिहेरी काचा असतात. दाराशी एक मधली खोली असते, म्हणजे बाहेरचे दार उघडले तरी गारठा थेट घरात शिरत नाही. कपडे एकावर एक थरांत घालतात. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा थर, त्यावर लोकरीचा आणि सर्वांत बाहेर वारा अडवणारा. आपल्याकडे सोवळ्याओवळ्यापासून लग्नकार्यापर्यंत सुती वस्त्राची प्रतिष्ठा मोठी. तेथे मात्र अंगालगत सुती कपडा घातला तर तो घामाने भिजतो, लवकर वाळत नाही आणि शरीराची ऊब काढून घेतो. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब राखते. नोव्हेंबर ते मार्च या काळात हवामानाला अनुसरून मोटारींना हिवाळी टायर असणे कायद्याने आवश्यक आहे. अंधारात रस्त्याने चालणाऱ्याने अंगावर प्रकाश परावर्तित करणारी चकती बाळगावी, असाही तेथील कायद्याचा दंडक आहे. शाळकरी मुलांच्या कोटांना अशा चकत्या लटकलेल्या असतात. कॅनडातील थंड प्रांतांत मोटार उभी केल्यावर तिचे इंजिन उबदार ठेवण्यासाठी विजेची वायर जोडून ठेवण्याची पद्धत आहे. दूरच्या प्रवासाला निघताना गाडीत घोंगडी, फावडे, मेणबत्ती आणि खाण्याचे पदार्थ ठेवणे हे तेथे भित्रेपणाचे लक्षण मानले जात नाही.

वाऱ्याचाही हिशेब ठेवावा लागतो. हवेचे तापमान उणे १० असताना ताशी ३० किलोमीटर वेगाने वारा सुटला, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे २० इतकी जाणवते. नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या, हातापायांची बोटे प्रथम बधिर होतात आणि पांढुरकी पडतात. अशा वेळी बर्फाने चोळण्याची जुनी समजूत घातक ठरते. चोळल्याने गोठलेल्या पेशी अधिक फाटतात. तो भाग उबेत आणणे, आडोशाला जाणे आणि वैद्यकीय मदत घेणे हाच मार्ग आहे.

आता पुन्हा तळ्याकडे वळू. बर्फ म्हणजे बर्फ, असे आपण म्हणतो. तळ्याकाठी वाढलेला माणूस तसे म्हणत नाही. शांत, कडक थंडीत पाण्यापासून थेट गोठलेला बर्फ पारदर्शक, काळसर किंवा निळसर दिसतो. खालचे गडद पाणी त्यातून दिसत असल्याने नवख्याला त्याची भीती वाटते, पण ताजा असताना सर्वांत बळकट तोच असतो. याउलट बर्फावर हिम पडून त्याच्या भाराने थर खाली दबतो, भेगांतून पाणी वर येते आणि हिम व पाणी यांचा तो चिखल पुढे गोठतो. असा बर्फ दुधासारखा पांढरा दिसतो. डोळ्यांना तो घट्ट वाटला तरी हवेच्या बुडबुड्यांमुळे त्याची ताकद निम्मीच धरतात. ज्यावर विश्वास वाटतो तो कच्चा आणि ज्याची धास्ती वाटते तो पक्का, असा हा उलटा व्यवहार आहे. वर साठलेले हिम आणखी एक फसवणूक करते. ते गोधडीप्रमाणे बर्फाला झाकते, त्यामुळे बाहेर कितीही कडाका असला तरी खालचा थर हळूहळूच वाढतो.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्य तळ्यांचे म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील नैसर्गिक संसाधन खात्याच्या मार्गदर्शनानुसार नव्या, स्वच्छ बर्फाचा थर ४ इंचांहून, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटरांहून पातळ असेल तर त्यावर पाऊलच टाकू नये. ४ इंचांवर माणसाने चालावे. लहान मोटारीसाठी ९ ते १० इंच, म्हणजे वीतभराहून थोडा अधिक थर हवा. बर्फ पांढरा असेल तर हे आकडे दुप्पट धरावेत. कॅनडातील रेडक्रॉस चालण्यासाठीच १५ सेंटिमीटरांचा आग्रह धरते. या आकड्यांमागचे तत्त्व सोपे आहे. बर्फाची वहनशक्ती जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जाडी दुप्पट झाली तर ताकद साधारण चौपट होते. पण याच नियमाची दुसरी बाजू अशी की, जाडी निम्मी झाली तर ताकद एक चतुर्थांशच उरते. चार इंचांच्या जागेहून दोन इंचांच्या जागेत गेलेल्या माणसाला वरून काहीच बदल दिसत नाही. पायाखालचा आधार मात्र पाव हिश्श्यावर आलेला असतो.

म्हणून जाणता माणूस डोळ्यांवर विसंबत नाही. तो हातात लोखंडी पहार किंवा टोकदार काठी घेऊन निघतो, प्रत्येक काही पावलांवर बर्फावर ती आपटतो आणि आवाज ऐकतो. घट्ट बर्फाचा नाद वेगळा असतो, पोकळ बर्फाचा वेगळा. गिरमिटासारख्या हत्याराने भोक पाडून तो जाडी मोजतो आणि थोडे पुढे गेल्यावर पुन्हा मोजतो. एकटा जात नाही. बरोबरच्यांत अंतर राखतो. घरी कोणाला तरी जाण्याची वाट आणि परतण्याची वेळ सांगून निघतो. वसंत ऋतूत तर मोजलेल्या जाडीवरही तो विश्वास टाकत नाही. उन्हाने बर्फ आतून उभ्या कांड्यांत सुटत जातो, मेणबत्त्यांची जुडी सैल बांधावी तसा. फूटभर जाड असूनही तो पायाखाली विस्कटतो.

आणि एवढे करूनही बर्फ फुटला तर? फिनलंडमधील मासेमार आणि घसरपट्टीवाले गळ्यात दोन लहान मुठी दोरीने अडकवून फिरतात. प्रत्येक मुठीला टोकदार खिळा असतो. त्या साधनाला तेथे नास्काली म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ आरी, चामडे टोचण्याची असते ती. ओल्या बर्फाला हाताची पकड बसत नाही. या आऱ्या रोवून माणूस स्वतःला वर खेचू शकतो. किंमत किरकोळ, वजन नगण्य, पण गळ्यात असली तरच उपयोगाची. पिशवीच्या तळाशी ठेवलेली आरी पाण्यात पडल्यावर सापडत नाही.

कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गीसब्रेख्त यांनी अतिशीत पाण्यात शरीराचे काय होते याचा दीर्घ अभ्यास केला. त्यांनी तो सामान्य माणसासाठी तीन आकड्यांत मांडला: एक, दहा, एक. पाण्यात पडताच थंडीच्या धक्क्याने धाप लागते, श्वास आवरत नाही. पहिले एक मिनिट केवळ डोके पाण्याबाहेर ठेवून श्वास ताब्यात आणण्यासाठी आहे. त्यानंतर सुमारे दहा मिनिटे हातपाय उपयोगी हालचाल करू शकतात. बाहेर पडण्याचा प्रयत्न याच वेळात व्हायला हवा. आणि बाहेर पडता आले नाही, तरी शरीराचे तापमान उतरून शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. आपली सर्वसाधारण समजूत अशी की बर्फाळ पाण्यात माणूस दोन-तीन मिनिटांत गोठून मरतो. या समजुतीनेच घबराट होते आणि घबराटीने पाणी नाकातोंडात जाऊन माणूस बुडतो. वेळ आहे हे ठाऊक असणे, हेच येथे पहिले औषध आहे.

बाहेर पडण्याची रीतही ठरलेली आहे. ज्या दिशेने आलो त्याच दिशेला तोंड वळवावे, कारण तिकडच्या बर्फाने आपला भार थोड्या वेळापूर्वी पेलला होता. अंगावरचे कपडे काढण्याच्या फंदात पडू नये. त्यांत अडकलेली हवा तरंगायला मदत करते. हात बर्फावर पसरावेत, पाय मागे झाडत शरीर आडवे आणावे आणि पोटावर सरकत वर यावे. वर आल्यावर उभे राहू नये. लोळत किंवा सरपटत दूर जावे, म्हणजे भार पसरतो. अगदीच जमले नाही तर हात बर्फावर टेकवून स्थिर राहावे. ओल्या बाह्या बर्फाला चिकटून गोठतात आणि शुद्ध हरपली तरी डोके पाण्याबाहेर राहण्याची शक्यता वाढते.

काठावरच्या माणसाची परीक्षा याहून कठीण. पोटचे मूल किंवा जिवलग समोर बुडत असताना धाव घेण्याचा मोह आवरणे सोपे नाही. पण जो बर्फ एकाला पेलू शकला नाही, तो धावत येणाऱ्या दुसऱ्याला कसा पेलेल? प्रथम मदतीसाठी दूरध्वनी करावा; युरोपात ११२ आणि उत्तर अमेरिकेत ९११ हा क्रमांक आहे. मग काठावरूनच शिडी, दोर, लांब फांदी, गळपट्टा जे मिळेल ते पुढे करावे. बाहेर काढलेल्या माणसाला आडवे ठेवावे, हलक्या हाताने ओले कपडे उतरवावेत, कोरड्या पांघरुणांत धडाला ऊब द्यावी. हातपाय चोळू नयेत आणि दारू तर मुळीच देऊ नये. दारूने कातडीकडचा रक्तप्रवाह वाढतो, क्षणभर ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते.

थंडगार पडलेल्या माणसाची आशाही लगेच सोडू नये. नॉर्वेत १९९९ साली एक तरुण डॉक्टर बर्फावरून घसरत असताना गोठलेल्या ओढ्यात पडली आणि सुमारे ८० मिनिटे बर्फाखाली अडकली. तिच्या शरीराचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते, हृदय थांबले होते. ट्रोम्सो येथील रुग्णालयात तिला हळूहळू ऊब देण्यात आली. ती वाचली आणि कालांतराने आपल्या व्यवसायात परतली. थंडीने मेंदूची प्राणवायूची गरजही कमी केली होती. शरीर उबदार झाल्यावरच मृत्यूचा निर्णय करावा, हे सूत्र अशा घटनांनी वैद्यकात दृढ केले.

श्रोतेहो, बर्फाचे ज्ञान एका व्यक्तीच्या प्राणापुरतेच मर्यादित नसते. कधी कधी सारे शहर त्यावर तगते. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला ८ सप्टेंबर १९४१ पासून २७ जानेवारी १९४४ पर्यंत वेढा पडला होता. उपाशी शहराला अन्न पोचवण्याचा एक मार्ग उरला होता, तो लाडोगा सरोवराच्या गोठलेल्या पृष्ठावरून. २२ नोव्हेंबर १९४१ रोजी पहिल्या मालमोटारी त्या बर्फावरून निघाल्या. त्या हिवाळ्यात साडेतीन लाख टनांहून अधिक माल या मार्गाने गेला आणि लाखो नागरिक बाहेर काढले गेले. बर्फ फुटल्यास उडी मारता यावी म्हणून चालक दार उघडे ठेवून गाडी हाकत. पुरेशा जाड बर्फावरूनही काही गाड्या बुडाल्या, हे कोडे लेनिनग्राडच्या भौतिकशास्त्रज्ञांनी सोडवले. गाडीच्या भाराने बर्फ किंचित वाकतो आणि खालच्या पाण्यात लाट उठते. गाडीचा वेग आणि त्या लाटेचा वेग जुळले की लाट वाढत जाऊन बर्फ फोडते. लाडोगावर हा घातक वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर निघाला. त्याहून कमी किंवा अधिक वेगाने जावे, पण त्या वेगाने जाऊ नये, असा नियम घातला गेला.

त्याच तत्त्वावर एस्टोनियात मुख्य भूमी व हिउमा बेट यांच्या दरम्यान कडक हिवाळ्यात खुल्या होणाऱ्या समुद्रबर्फावरील रस्त्याचे नियम बेतलेले आहेत. ताशी २५ ते ४० किलोमीटर हा वेग तेथे वर्ज्य आहे, दोन गाड्यांत मोठे अंतर ठेवावे लागते आणि एरवी सक्तीचा असलेला आसनपट्टा तेथे सोडून ठेवायचा असतो. कॅनडात यलोनाइफच्या पूर्वेकडून हिऱ्यांच्या खाणींकडे जाणारा हिवाळी रस्ता १९८२ पासून दरवर्षी नव्याने बांधला जातो. त्याचा बहुतांश भाग गोठलेल्या तळ्यांवरून जातो आणि भरलेल्या मालमोटारींना तेथे ताशी २५ किलोमीटरांची मर्यादा आहे. २००६ साली हिवाळा सौम्य निघाला, रस्ता लवकर बंद करावा लागला आणि खाणींना लागणारे सामान विमानांनी न्यावे लागले.

येथे विषयाचा गाभा येतो. हिवाळे बदलत आहेत आणि याची साक्ष जुन्या दप्तरांतच आहे. जपानमधील सुवा सरोवर गोठल्यावर त्यावर बर्फाचा उंच कंगोरा उभा राहतो; देव सरोवर ओलांडून गेल्याची ती खूण, अशी तेथील श्रद्धा. त्या घटनेची नोंद शिंतो पुजाऱ्यांनी १४४३ पासून ठेवली आहे. पहिल्या अडीचशे वर्षांत सरोवर न गोठण्याचे प्रसंग केवळ तीन. २०१८ नंतर मात्र २०२५ पर्यंत तो कंगोरा एकदाही उमटला नाही. फिनलंड-स्वीडन सीमेवरील टॉर्न नदीचा बर्फ वसंतात कोणत्या दिवशी फुटतो, याची नोंद १६९३ साली एका व्यापाऱ्याने सुरू केली. ती परंपरा पुढेही चालू राहिली. एकाने भक्तीपोटी लिहिले, दुसऱ्याने व्यापारापोटी. दोघांनाही कल्पना नव्हती की शतकांनंतर शास्त्रज्ञ ती पाने हवामानाचा पुरावा म्हणून उलगडतील. शंभर वर्षे हजेरीपट आणि दाखलखाते सांभाळणाऱ्या संस्थेला यातले मर्म वेगळे समजावून सांगायला नको. उत्तर गोलार्धातील अशा नोंदींचा २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की १८४६ ते १९९५ या काळात, दर शंभर वर्षांमागे, पाणी गोठण्याचा दिवस सरासरी ५.८ दिवसांनी पुढे गेला आणि बर्फ फुटण्याचा दिवस ६.५ दिवसांनी अलीकडे आला.

एखादा म्हणेल, हिवाळा सौम्य झाला तर बरेच झाले, धोका कमी झाला. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. दहा देशांतील हिवाळी बुडण्याच्या घटनांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की सर्वाधिक माणसे दगावतात ती हवेचे तापमान उणे ५ ते शून्य अंशांच्या दरम्यान असताना. कडाक्याच्या थंडीत तळे खरोखरच भक्कम असते. अर्धवट थंडीत ते भक्कम दिसते, पण असत नाही. आजोबा ज्या तारखेला तळ्यावर उतरत त्याच तारखेला नातू उतरतो. तारीख तीच असते, बर्फ तो नसतो. अशा वेळी पिढीजात अनुभवही दगा देतो. पूर्वजांच्या तारखा पाळत राहणाऱ्याला हा बदल कळत नाही. त्यांची मोजण्याची सवय ज्याने उचलली, त्याला तो पहिल्याच भोकाशी कळतो.

ज्याच्यामागे असा अनुभवच नाही, त्याची स्थिती अधिक नाजूक. २६ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात वुड्स कॅन्यन सरोवराचा बर्फ फुटून भारतीय वंशाच्या तिघांचा अंत झाला. ॲरिझोना हे वाळवंटासाठी ओळखले जाणारे राज्य; उंच डोंगरातले ते सरोवर गोठलेले होते, परंतु माणसाचा भार पेलण्याइतके नव्हते. सुटीच्या दिवशी सहलीला गेलेल्या कुटुंबांवर कोसळलेल्या या आपत्तीत दोष द्यावा असे काही नाही. उष्ण प्रदेशात वाढलेल्या माणसाला गोठलेले पाणी जमिनीसारखे वाटणे स्वाभाविकच आहे. म्हणूनच हे ज्ञान मुद्दाम मिळवावे लागते, मुद्दाम द्यावे लागते.

हा धडा परदेशापुरता नाही. लडाखमधील पँगाँग सरोवर खारे असूनही हिवाळ्यात गोठते. त्याच्या बर्फावर फेब्रुवारी २०२३ मध्ये २१ किलोमीटरांची धावण्याची शर्यत झाली. गोठलेल्या झंस्कार नदीवरची चादर म्हणून ओळखली जाणारी वाट चालायला महाराष्ट्रातील अनेक तरुण दरवर्षी जातात. तेथील वाटाडे काठीने बर्फ ठोकत पुढे जातात आणि त्यांनी नको म्हटले तर तेथून पाऊल टाकू नये. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असलेल्या बेळगावात हिमप्रदेशातील सेवेच्या हकिकती ज्या घरांनी ऐकल्या असतील, त्यांना शिस्तीचे हे मोल वेगळे सांगायला नको.

तेव्हा परदेशी निघालेल्या मुलाच्या सामानात लोणची-पापडांबरोबर दोन गोष्टी अवश्य बांधून द्याव्यात. एक, तिकडे पोचल्यावर स्थानिक लोकांना विचारण्याची लाज वाटू नये ही सवय. दुसरी, स्थानिक अधिकाऱ्यांनी फलक लावला असेल तर तो पाळण्याची सवय. आपल्याकडे विहिरीवर पाणी भरायला जाणाऱ्या पोरीला आई कठड्याला टेकू नको म्हणून बजावीत असे, पुराच्या वेळी ओढ्यात उतरू नये हे प्रत्येक गावाला ठाऊक असते. पाण्याचे भय आपल्या समाजाने असेच पचवून त्याची शिकवण केली. उत्तरेकडील लोकांनी गोठलेल्या पाण्याबाबत तेच केले आहे. भय तेच, रूप तेवढे वेगळे.

अभ्यासाने आणि नोंदींनी शिस्तीला आणलेले भय माणसाला घरात कोंडून ठेवत नाही. ते त्याला तळ्यावर नेते आणि सुखरूप परत आणते. काठावर उभे राहून पहार आपटण्यात जाणारी पाच मिनिटे ज्याला वाया गेली असे वाटत नाही, त्याला हिवाळ्यातले ते निळसर मैदान, त्यावरचा मंद सूर्यप्रकाश आणि रात्री बर्फ ताणला जाताना उमटणारा घुमणारा नाद हे सारे मनसोक्त अनुभवता येते. आपली मुले, नातवंडे ज्या प्रदेशांत घर करून राहिली आहेत, त्या प्रदेशांचा हिवाळा आता आपल्याही घरचा झालेला आहे. त्याची अक्षरओळख करून घेणे हे आपले काम आहे.